डिप्रेशन ग्लास ओळखायला शिकताना: रंग नंतर, साचा आधी

अमेरिकेत गराज सेलला, थ्रिफ्ट स्टोअरमध्ये किंवा एखाद्या छोट्या गावातल्या अँटिक मॉलमध्ये गेलात, तर गुलाबी, हिरव्या, मधाळ पिवळ्या काचेच्या बशा आणि वाडगे हमखास दिसतात. चिठ्ठीवर ‘डिप्रेशन ग्लास’, म्हणजे महामंदीच्या काळातली स्वस्त काच, असं लिहिलेलं असतं. त्यातल्या कितीतरी चिठ्ठ्या चुकीच्या असतात. विकणाऱ्याच्या मनात खोट असतेच असं नाही, बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं. म्हणून ओळखायची विद्या आपली आपणच शिकून घ्यावी लागते. ओहायो, पेनसिल्व्हेनिया, इंडियाना, वेस्ट व्हर्जिनिया या भागात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या तर हा छंद दारातच आहे, कारण ही काच बनली तिथेच.

नवशिक्याची नजर आधी रंगावर जाते. मी मात्र नेहमी सांगते, साच्याकडे बघा. ही काच फुंकून घडवलेली नाही, यंत्राने साच्यात दाबून काढलेली आहे. कारखाना कुठला, नक्षी कुठली, वस्तू जुनी की नंतरची नक्कल, हे सगळं साच्याने काचेवर सोडलेल्या खुणा सांगतात. रंग कुणालाही पुन्हा बनवता येतो. जुन्या साच्याचा बारीक तपशील जसाच्या तसा उतरवणं अवघड असतं.

थोडा इतिहास, कारण ओळखताना तो लागतोच

१९२९ साली अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. ओहायोतल्या लँकेस्टर गावात १९०५ पासून चालू असलेल्या हॉकिंग ग्लास कंपनीने त्या काळात पंधरा साच्यांचं यंत्र बसवलं. त्यातून मिनिटाला नव्वद वस्तू निघू लागल्या, आणि दोन ग्लास पाच सेंटला विकणं परवडू लागलं. याच सुमारास पेनसिल्व्हेनियात जेनेट आणि मॅकबेथ-इव्हान्स, ओहायोच्या कोलंबसमध्ये फेडरल, इंडियानाच्या डंकर्कमध्ये इंडियाना ग्लास आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगची हेझल-अॅटलस या कंपन्याही असाच माल काढत होत्या. सुरुवातीला एवढीच नावं पाठ असली तरी पुरे.

माल विकला जायचा वुलवर्थसारख्या पाच-दहा सेंटच्या दुकानांतून, आणि पुष्कळ वेळा फुकटही मिळायचा. क्वेकर ओट्सच्या डब्यात काचेची वस्तू निघायची. सिनेमागृहं रिकामी राहू लागली तेव्हा ‘डिश नाइट’ सुरू झाली: आठवड्यातल्या ठरावीक दिवशी तिकिटासोबत एक भांडं. पुढच्या आठवड्यात त्याच सेटमधलं दुसरं. हातात चार पैसे नसलेल्या बाईने असा एकेक नग जमवून जेवणाच्या टेबलावर गुलाबी रंगाचा अख्खा सेट मांडला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

इतक्या वेगात आणि इतक्या स्वस्तात काढलेली काच निर्दोष कशी असणार? आत बुडबुडे, काजळीचे कण, लाटा राहायच्या. ते दोष झाकायला बशीभर दाट, जाळीदार नक्षी भरायची, ही त्या काळची युक्ती. नक्षीच्या बारीक रेषा लोखंडी साच्यात तेजाबाने कोरलेल्या असत. साच्यातली रेष खोल, म्हणून काचेवर ती उठून येते. बोट फिरवलं तर रेषा उंच लागते. महागड्या काचेवर तेजाबाची नक्षी प्रत्यक्ष काचेतच खोदलेली असते, तिथे ती खोलगट आणि दुधाळ दिसते. हा फरक बोटांना एकदा समजला की निम्मी शाळा झाली.

पहिलं काम: एकच नक्षी निवडा

नक्ष्या शंभराच्या आसपास आहेत, सगळ्यांच्या मागे लागलात तर एकही धड कळणार नाही. एक निवडा, तिचा प्रत्येक आकार बघा, हाताळा, मोजा. कुठली निवडायची याचं माझं मत सांगते.

‘ब्लॉक ऑप्टिक’ (हॉकिंग, १९२९ ते १९३३) ही साधी चौकटींची नक्षी आहे, बेताच्या किमतीत मिळते, सुरुवातीला चांगली. फुलंपानं आवडत असतील तर जेनेटची ‘चेरी ब्लॉसम’ (१९३० ते १९३९) किंवा फेडरलची ‘शॅरन’, जिला कोबीसारख्या भरगच्च गुलाबांमुळे ‘कॅबेज रोज’ही म्हणतात. अंबर रंगात ‘पॅट्रिशियन’ आणि ‘मॅड्रिड’ पुष्कळ सापडतात. हॉकिंगच्या ‘कॅमिओ’मध्ये लंबगोल चौकटीत नाचणारी मुलगी असते, म्हणून लोक तिला ‘बॅलेरिना’ म्हणतात. ती एकदा पाहिली की विसरत नाही. हेझल-अॅटलसची ‘रॉयल लेस’ गडद निळ्या कोबाल्ट रंगात अप्रतिम दिसते, पण ती पहिल्या दिवशी घ्यायची वस्तू नव्हे. किंमत जास्त आणि नकलाही आहेत.

नावांचा एक घोळ आधीच समजून घ्या. एकाच नक्षीला दोन-दोन नावं असतात, एक कंपनीचं आणि एक संग्राहकांनी ठेवलेलं. शिवाय हॉकिंगची ‘मेफेअर’ वेगळी आणि फेडरलची वेगळी. हॉकिंगने नाव आधी नोंदवलेलं असल्यामुळे फेडरलला आपली नक्षी बदलून तिचं नाव ‘रोझमेरी’ करावं लागलं. म्हणून खरेदीच्या वहीत नक्षीबरोबर कंपनीचंही नाव लिहायची सवय लावा.

हातात घेतल्यावर कुठे बघायचं

बशी उजेडाकडे धरा. आधी मधोमध काय आहे ते बघा, मग उतारावर, मग काठावर. या तिन्ही ठिकाणी नक्षी वेगवेगळी असू शकते, आणि नुसतं फूल बघून नाव ठरवणारा फसतो.

काठाचं उदाहरण घ्या. हेझल-अॅटलसच्या ‘फ्लोरेंटाइन’ नावाच्या दोन नक्ष्या आहेत. आतली फुलं जवळपास सारखीच. पण ‘नंबर १’ची बशी सहा बाजूंची असते आणि तिचा काठ नागमोडी असतो, ‘नंबर २’ची बशी सरळ गोल. डोळे मिटून काठावरून बोट फिरवलं तरी उत्तर मिळतं.

मधल्या भागाचं उदाहरण हॉकिंगच्या ‘मिस अमेरिका’चं. ती आणि वेस्टमोरलंड कंपनीची ‘इंग्लिश हॉबनेल’ या दोन्हींवर हिऱ्यासारखे टोकदार उंचवटे असतात, दुकानदारही गल्लत करतात. बुडातल्या ताऱ्याकडे बघा. ‘मिस अमेरिका’च्या ताऱ्याच्या सगळ्या किरणांची लांबी सारखी असते. ‘इंग्लिश हॉबनेल’मध्ये किरण लहानमोठे असतात. जेनेटची ‘क्यूब’ आणि फोस्टोरियाची ‘अमेरिकन’ यांच्यातही असाच गोंधळ होतो. तिथे काचेची जात बघायची: फोस्टोरियाची जड, लख्ख, घासून गुळगुळीत केलेली, जेनेटची हलकी, कडा तशाच सोडलेल्या.

मग भांडं उलटं करा. बुडाखाली कंपनीचा शिक्का असेल या आशेवर राहू नका, बहुतेक डिप्रेशन ग्लासवर तो नसतोच. हेझल-अॅटलसच्या काही वस्तूंवर मोठ्या एच-खाली छोटा ए, फेडरलच्या काहींवर ढालीतला एफ, जेनेटच्या काहींवर त्रिकोणातला जे सापडतो. नांगर आणि एच असा शिक्का दिसला तर वस्तू १९३७ नंतरची, कारण त्या वर्षी हॉकिंगचं अँकर कॅप कंपनीशी विलीनीकरण होऊन अँकर हॉकिंग झाली. शिक्का नाही म्हणून वस्तू खोटी ठरत नाही.

बूड वाटोळं घासून पॉलिश केलेलं, एकदम सपाट आणि चकचकीत असेल, तर ती बहुधा डिप्रेशन ग्लास नाही. केंब्रिज, हाइसी, फोस्टोरिया अशा कंपन्यांची त्याच काळातली महाग काच असते, तिला ‘एलिगंट ग्लास’ म्हणतात. ते गिऱ्हाईक निराळं, तो छंदही निराळा.

साच्याच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा बाजूला उभ्या रेषेसारखा दिसतो. तो असणं चांगलंच. बुडबुडा, बारीकशी सुरकुती, थोडा वाकडा कप, हे सगळं जन्मजात असतं आणि त्याने किंमत घटत नाही. नंतर झालेली इजा वेगळी. ती शोधायला नखाचं टोक काठावरून सावकाश फिरवा. टवका उडालेला असेल तिथे नख अडकतं. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक टवके बोटाला कळतात. कपाच्या कानाच्या मुळाशी तडा आहे का ते तिरप्या उजेडात बघा. जेवणाच्या ताटांवर सुरी-काट्यांचे ओरखडे असणारच, पण ते इतके नकोत की नक्षी धुरकट व्हावी.

धुरकटपणाचं प्रकरण नीट समजून घ्या. डिशवॉशरमुळे किंवा वर्षानुवर्षं पाणी साचून राहिल्याने काच आतून मळकट-पांढरी पडते. ती धुऊन निघत नाही, काचेचा पृष्ठभागच खराब झालेला असतो. ओली केली की हा दोष दिसेनासा होतो, वाळली की परत येतो. म्हणून पिचर किंवा फुलदाणी ओली असेल, आतून तेलकट लागत असेल, तर कोरडी पुसून पाहिल्याशिवाय पैसे काढू नका.

काठाची नक्षी अचानक कापल्यासारखी वाटत असेल, तर टवके घालवायला काठ घासून खाली आणलेला असण्याची शक्यता असते. इथे खिशातली मोजपट्टी कामाला येते. प्रत्येक नक्षीतल्या प्रत्येक आकाराचं माप पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून मिळतं. ‘चेरी ब्लॉसम’चं जेवणाचं ताट नऊ इंचांचं, ‘मेफेअर’चं साडेनऊ. पाव इंच कमी भरलं तर कारण शोधायचं. मापाचा दुसरा उपयोग म्हणजे वस्तूचं नाव ठरवणं: सहा इंचांची बशी बहुधा आइस्क्रीमच्या पायाच्या वाटीखालची असते, आठ इंचांची दुपारच्या हलक्या जेवणाची. तीन कप्प्यांचं ताट दिसलं तर त्याला ‘ग्रिल प्लेट’ म्हणतात. आपल्या कप्प्यांच्या थाळीचीच बहीण.

रंग आणि तो प्रसिद्ध हिरवा उजेड

गुलाबी, हिरवा, अंबर हे नेहमीचे. पिवळा त्याहून कमी, कोबाल्ट निळा ठरावीक नक्ष्यांतच. मॅकबेथ-इव्हान्सने ‘अमेरिकन स्वीटहार्ट’ नक्षी ‘मोनॅक्स’ नावाच्या पातळ दुधाळ पांढऱ्या काचेतही काढली. उजेडाकडे धरली की तिच्या काठाला निळसर झाक दिसते, त्या काठावर माझा विशेष जीव आहे.

प्रत्येक नक्षी प्रत्येक रंगात निघाली नव्हती, आणि हेच नवशिक्याचं मोठं हत्यार आहे. आपल्या नक्षीचे मूळ रंग पाठ करा. ‘चेरी ब्लॉसम’ मंदीच्या काळात कोबाल्ट निळ्या रंगात कधी बनलीच नाही. तशी वस्तू समोर आली तर ती नंतरची, पुढे तपासायची गरजच नाही. ‘मेफेअर’चा मूळ निळा फिका, बर्फासारखा आहे; गडद निळी ‘मेफेअर’ दिसली तर हात मागे घ्या.

आता अतिनील टॉर्च. अंधारात टॉर्च मारली की काही हिरवी काच पोपटी रंगाने झगमगते. त्यात थोडं युरेनियम असतं. हे बघायला फार सुंदर दिसतं, पण त्यावरून वय ठरवू नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने युरेनियम स्वतःकडे घेतलं, १९५८ नंतर ते काचेसाठी पुन्हा मिळू लागलं, आणि आजही काही कारखाने युरेनियमची नवी काच काढतात. मँगनीज असलेली काचही मंद हिरवट चमकते. उलट बाजूने, मंदीच्या काळातली सगळीच हिरवी काच चमकत नाही. टॉर्च हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे. अशी भांडी कपाटात मांडून ठेवण्यात काळजीचं काही नाही, पण रोजच्या खाण्यापिण्याला मी ती वापरत नाही.

नकला: इथे वेळ काढा

१९७० च्या दशकात या काचेचे संग्राहक वाढले, त्यांच्या संघटना झाल्या, किमती चढल्या आणि लगोलग नकलाही बाजारात आल्या. नकलांचे दोन प्रकार असतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या रीतीने पकडावे लागतात.

पहिला प्रकार नव्या साच्याचा. कुणीतरी जुनी वस्तू समोर ठेवून नवा साचा कोरला. असा साचा कुठेतरी हमखास घसरतो. ‘चेरी ब्लॉसम’चं पान जवळून बघा. जुन्या पानाच्या शिरा खऱ्या पानासारख्या वळणदार, कडा दातेरी. नकलेतलं पान माशाच्या काट्यासारखं, मधे एक रेघ आणि दोन्ही बाजूंना सरळ काड्या. याच नक्षीच्या नक्षीदार बुडाच्या जुन्या पिचरच्या तळाशी नऊ चेरी असतात, नकलेत सातच. बटर डिशच्या झाकणाच्या गुळगुळीत कडेवर जुन्यात दोन रेषा असतात, नकलेत एक.

‘मेफेअर’च्या व्हिस्कीच्या छोट्या ग्लासाचंही तसंच. फुलाच्या देठावरून बोट खाली न्या. जुन्यात देठ तळाशी फाकून दोन फाटे होतात, नकलेत एकच देठ सरळ खाली जातो. ही खूण दोन सेकंदांत तपासता येते. ‘कॅमिओ’ची लहान मुलांच्या भातुकलीची भांडी दिसली तर विचारच करू नका, मंदीच्या काळात ती बनलीच नव्हती.

दुसरा प्रकार जास्त अवघड, कारण त्यात साचा जुनाच असतो किंवा जुन्यावरूनच बेतलेला असतो. ‘मॅड्रिड’चं उदाहरण प्रत्येक नवशिक्याने शिकावं असं आहे. मूळ नक्षी फेडरलची, १९३२ ते १९३९ मधली. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा फेडरलने तीच नक्षी ‘रिकलेक्शन’ नावाने अंबर रंगात पुन्हा काढली, आणि प्रामाणिकपणे साच्यात ७६ हा आकडा घातला. नक्षीच्या वेलबुट्टीत तो बारीक कोरलेला असतो, शोधल्याशिवाय दिसत नाही. पुढे साचे इंडियाना ग्लासकडे गेले, तो आकडा काढून टाकला गेला, आणि बिनरंगी, निळी, गुलाबी अशी ‘मॅड्रिड’ बाजारात येत राहिली. इंडियानाचा निळा भडक आहे, फेडरलचा मूळ ‘मॅडोना ब्लू’ मवाळ. ताटाखाली मेणबत्तीचा स्टँड जोडून केलेला केक स्टँडही नंतरचाच, मूळ संचात तो नाही. ‘मॅड्रिड’ आवडत असेल तर जरूर घ्या, पण आधी मूळ आकारांची यादी जवळ ठेवा. यादीत नसलेला आकार कितीही देखणा असला तरी जुन्याच्या भावाने घेऊ नका.

दोन्ही प्रकारांना लागू पडणारी गोष्ट म्हणजे वजन आणि बुडाची झीज. नकला अनेकदा जाड आणि हाताला किंचित तेलकट लागतात, नक्षी उथळ आणि पुसट असते. खऱ्या जुन्या भांड्याच्या बुडावर टेबलावर सरकून सरकून पडलेले बारीक, वेडेवाकडे ओरखडे असतात, फक्त जिथे भांडं टेकतं तिथेच. सगळे ओरखडे एकाच दिशेने गेलेले दिसले तर ते मुद्दाम पाडलेले समजा.

कुठे घ्यायचं, काय द्यायचं

ऑनलाइन विकत घेण्याआधी काही महिने नुसतं हाताळा. अँटिक मॉलमध्ये एकाच छताखाली शेकडो विक्रेत्यांचे कप्पे असतात, तिथे विचारून कपाट उघडून घेता येतं. लँकेस्टरमध्ये ओहायो ग्लास म्युझियम आहे, वेस्ट व्हर्जिनियाच्या वेस्टनमध्ये अमेरिकन काचेचं संग्रहालय आहे. तिकडे सहल निघत असेल तर सोडू नका. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोची रिप्लेसमेंट्स ही कंपनी जुनी काच आणि चिनी मातीची भांडी विकते. तिच्या संकेतस्थळावरचे नक्ष्यांचे फोटो जुळवून बघायला उपयोगी पडतात, पण तिथली किंमत दुकानाची आहे हे लक्षात ठेवा.

इस्टेट सेल म्हणजे एखाद्या घरातलं सगळं सामान तिथल्या तिथे विकायला काढणं. तिथे स्वयंपाकघरातलं कपाट पहिल्यांदा बघा आणि बोलताना मान ठेवा, पुष्कळदा त्या घरची मंडळी शेजारच्याच खोलीत असतात. दुसऱ्या दिवशी दर उतरतात. ऑनलाइन भाव बघताना मागितलेली किंमत सोडा, प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या वस्तूंची बघा. गेल्या वीसेक वर्षांत साध्या नगांचे भाव उतरले आहेत, हे नवशिक्याच्या पथ्यावरच पडलं आहे. टवका उडालेला साधा नग ‘नंतर चांगला मिळाला की बदलू’ म्हणून घेऊ नका, तो कपाटात तसाच राहतो.

झाकणं मात्र दिसली की उचला. बुडं टिकली आणि झाकणं फुटली, असं घरोघरी झालं. ‘मेफेअर’च्या साखरदाणीचं झाकण तर इतकं दुर्मीळ आहे की संग्राहक नुसत्या झाकणासाठी शोधत फिरतात. कप-बशा पुष्कळ मिळतात, जेवणाची मोठी ताटं त्या मानाने कमी. म्हणून सेट जमवताना ताटांपासून सुरुवात करा.

घरी आणल्यावर

सिंकमध्ये तळाला जाड टॉवेल अंथरा आणि कोमट पाण्यात साध्या साबणाने एकेक भांडं हाताने धुवा. डिशवॉशर, मायक्रोवेव्ह, ओव्हन कायमचे वर्ज्य. उकळता चहा या कपांत ओतू नका. ही काच तापमानाचा झटका सोसत नाही, तडकते. सरबत, कोकम, आइस्क्रीम, फळं, यांना ती छान. चिठ्ठीचा गोंद निघत नसेल तर खोबरेल तेल लावून थोडा वेळ ठेवा, पात्याने खरवडू नका.

ताटं एकावर एक ठेवताना मधे कागदी प्लेट किंवा फ्लॅनेलचा तुकडा घाला. कप एकात एक बसवू नका, कान तिथेच तडकतात. भारतात न्यायची असेल तर प्रत्येक ताट वेगळं गुंडाळून खोक्यात उभं ठेवा. आडव्या थप्पीत सगळ्यात खालच्या ताटावर सगळं वजन येतं. आणि प्रत्येक नगाची वहीत एक ओळ लिहा: नक्षी, कंपनी, रंग, आकार, माप, कुठे घेतलं, काय दिलं, दोष काय. सोबत बुडाचा आणि काठाचा एकेक फोटो काढून ठेवा.